वाचकांचे प्रश्न : चौतिसाव्या वर्षी पुन्हा प्रथम वर्षाला

प्रश्न : मी 34 वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. 2009 साली वाणिज्य शाखेतून बारावी झाले, बी.कॉम.चे प्रथम वर्ष केले आणि लग्न ठरल्यामुळे शिक्षण थांबले. मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत आहे. यजमानांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. दुकानाची बिले लावणे, उधारीची खतावणी ठेवणे, कंपनीकडून आलेला माल आणि क्रेडिट नोटा यांचा मेळ घालणे, जीएसटीचे कागद दरमहा करसल्लागाराकडे पाठवणे हे सर्व गेली सहा वर्षे मीच करते. मागील वर्षी दोनदा लागलेले एक मोठे बिल मीच शोधून काढले. संध्याकाळी शेजारची चार मुले शिकायला येतात. घरच्यांचे म्हणणे असे, की शिकायचेच असेल तर बी.एड. किंवा नर्सिंग कर, बाईमाणसाला तेच बरे. सासूबाई म्हणतात, "आता पोरांचा अभ्यास घ्यायचं वय, तू स्वतः कुठं पुस्तक घेऊन बसतेस?" मी काय निवडावे, आणि मुलांची आबाळ न होता ते जमेल का?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुकानाच्या हिशेबाबद्दल त्यात एक लांबलचक वाक्य आहे, दोनदा लागलेल्या बिलाचा उल्लेख आहे, आणि शिकवणीबद्दल जेमतेम एक ओळ आहे. बी.एड. आणि नर्सिंग हे शब्द तर तुमचे नाहीतच, ते घरच्यांचे आहेत. रमाबाई रानडे यांनी पुण्यात 1909 साली उभ्या केलेल्या सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचे शिक्षण दिले, आणि त्या काळी ते मोठेच धाडस होते; पण बाईने शिकायचे म्हटले की आजही आपल्या घरांत याच दोन वाटा आधी आठवतात, यात थोडा सवयीचाही भाग आहे.

तरीही त्या दोन्ही वाटांचा हिशेब मांडू, कारण हिशेब तुम्हाला कळतो. पदवीची तीन वर्षे आणि बी.एड.ची दोन वर्षे धरली, तर एकही वर्ष वाया न जाता तुम्ही 39 वर्षांच्या झालेल्या असाल. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 वर्षे आहे. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही. तो खुला असेल तर सरकारी शाळेचे दार तुम्ही पोहोचण्याआधीच बंद झालेले असेल, आणि राखीव असेल तरी शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि प्रत्यक्ष भरती एवढे सगळे हाती उरलेल्या चार वर्षांत उरकावे लागेल. मग राहतात विनाअनुदानित शाळा आणि त्यांचा तुटपुंजा पगार. नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेशाची कमाल मर्यादा 35 वर्षे आहे, म्हणजे तुमच्याकडे एखादेच वर्ष उरले आहे. शिवाय तो तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असून प्रशिक्षणात रात्रपाळीही असते. दुसरीतल्या मुलाची आई ते करूच शकत नाही असे मी म्हणणार नाही, पण त्यासाठी त्या कामाची मनापासून ओढ हवी, आणि तुमच्या पत्रात ती मला कुठे दिसली नाही.

माझे मत स्पष्ट आहे : तुम्ही बी.कॉम. पूर्ण करावे, आणि तेही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे राज्यभर आहेत, रोज महाविद्यालयात जावे लागत नाही, आणि पदवीसाठी किमान तीन वर्षांपेक्षा अधिक मुदत मिळते. या शेवटच्या सवलतीची तुम्हाला गरज पडेल, कारण तुमचे तृतीय वर्ष मुलीच्या दहावीच्या तोंडावर येते. त्या वर्षी थोडेच विषय घ्या आणि उरलेले पुढच्या वर्षी द्या.

पदवीनंतर सनदी लेखापाल (सी.ए.) होण्याचा विचार कोणी सुचवील. त्याला वयाची कमाल अट नाही, मात्र सनदी लेखापालाकडे दोन वर्षे पूर्णवेळ उमेदवारी (आर्टिकलशिप) करावी लागते, आणि तालुक्याच्या गावी घर सांभाळून ती निभावणे अवघड आहे. त्यापेक्षा सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि लेखाकर्म या विषयांची पदविका परीक्षा तुमच्या परिसराला अधिक जवळची आहे. पतसंस्था, दूध संस्था आणि विकास सोसायट्या यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला या परीक्षेचे मोल वेगळे सांगायला नको. पदवीधरांना ती देता येते, आणि उत्तीर्ण झाल्यावर अनुभवाची अट पूर्ण केली की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत जाण्याची वाट उघडते. ती अट पुढची आहे, पण हिशेबाच्या कामाची ओळख आजच करून घेता येईल. तुमचे कागद ज्या करसल्लागाराकडे जातात, त्यांना विचारून तीन महिने रोज दोन तास त्यांच्या कार्यालयात बसा. दरमहा 11 तारखेला विक्रीचे आणि 20 तारखेला करभरण्याचे विवरणपत्र जाईपर्यंत तिथे काय धांदल असते, ते एकदा जवळून पाहा. तेवढे बघूनही काम आवडले, तर प्रवेशाचे पैसे भरा. कंटाळा आला, तर फार काही बिघडलेले नसेल.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना उत्तर देण्याच्या भरीस पडू नका; संध्याकाळच्या शिकवणीनंतर मुलगी पाटी-पुस्तक घेऊन बसते, त्याच तासात तिच्या शेजारी तुमचे लेखाकर्माचे पुस्तक उघडा. मुलांची आबाळ मला या तासात दिसत नाही. मला भीती आहे ती मृगाची. खरिपाच्या पेरणीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि प्रवेशाचे दिवसही साधारण त्याच सुमारास येतात. अर्ज भरायचे राहून गेले, की वर्ष जाते. म्हणून कागदपत्रे एप्रिल-मेमध्येच जमवा, आणि त्या दोन आठवड्यांत गल्ल्यावर कोण बसणार, हे यजमानांशी आधीच बोलून ठेवा.

कागदपत्रांत एक गाठ नेहमी बसते. बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर अर्जापासून अभ्यासक्रमाचे श्रेयांक जमा होतात त्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यापर्यंत सगळीकडे अडते. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र यांपैकी काय चालेल, हे अभ्यासकेंद्रावर समक्ष जाऊन विचारा. जुन्या प्रथम वर्षाची गुणपत्रिकाही सोबत न्या. तिचा उपयोग झाला तर उत्तम, पण तीन वर्षेच गृहीत धरून चाला. आणि मूळ गुणपत्रिका माहेरच्या ट्रंकेत राहिल्या असतील, तर अक्षय्यतृतीयेला जाल तेव्हा त्या आठवणीने घेऊन या.