2005ची कोत रोती कधी आणि कशी उघडावी

प्रश्न असा आहे: ल्योंहून आलेली कोत रोती या फ्रेंच रेड वाइनची 2005 सालची एक बाटली पुण्यात आहे, दोन आठवड्यांनी उघडायची आहे. डिकँटरमध्ये (बाटलीतून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) किती तास ठेवायची, तोवर फ्रीज चालेल का, आणि सोबत मटण केलं तर कसं?

तासांचा विचार सध्या बाजूला ठेवा. एवढ्या जुन्या वाइनचं हवेवाचून फारसं अडत नाही. ती बिघडते उष्णतेनं आणि तळाचा गाळ ढवळल्यानं.

ही वाइन येते फ्रान्समधल्या रोन नदीच्या उजव्या काठावरून, व्हिएन शहराच्या खाली आँप्वी गावाच्या डोक्यावरच्या उतारांवरून. काही ठिकाणी चढ 60 टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात तशा तिथे दगड रचून अरुंद पट्ट्या केल्या आहेत. ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून बहुतेक कामं हातानं होतात आणि पावसानं वाहून गेलेली माती पुन्हा वर न्यावी लागते. 'रोती' म्हणजे भाजलेली: उतार आग्नेयेकडे तोंड करून आहे, ऊन सकाळपासून पडतं आणि खडक तापतो. पण एकूण हवा थंड, त्यामुळे सिरा द्राक्ष सावकाश पिकतं आणि आम्लता टिकते. माती पातळ, पाणी ठरत नाही. टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा) आणि आम्लता दोन्ही भरपूर असल्यामुळेच ही वाइन वर्षानुवर्षं टिकते. नियमानं सिरासोबत व्हियोन्ये हे पांढरं द्राक्ष 20 टक्क्यांपर्यंत चालतं, पण दोन्ही एकत्रच आंबवावी लागतात. बरेच वाइन करणारे त्याहून खूप कमी घालतात, काही तर अजिबात नाही. 2005 हे साल टॅनिनच्या बाबतीत कडक होतं, त्यामुळे वय झालं म्हणून घाबरायचं कारण नाही.

आधी बाटली उजेडात धरून बघा. बूच आणि वाइन यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर रिकामी जागा या वयाला ठीक आहे. पाचच्या वर असेल तर शंका घ्या. बूच तोंडातून वर आलेलं असेल, कॅप्सूल (बुचावरचं फॉइल) चिकट असेल, तर बाटली बहुधा कुठेतरी तापली आहे. अशी लगेच उघडा, ठेवून सुधारणार नाही.

दोन आठवड्यांसाठी घरचा फ्रीज चालतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कपाटापेक्षा कधीही बरा. आडवी ठेवा, पण शेवटचे दोन पूर्ण दिवस उभी. गाळ खाली बसायला तेवढा वेळ लागतोच. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडताना प्रत्येक वेळी हिसका बसतो. पाहुणे जेवायला बसण्याच्या साधारण तासभर आधी न हलवता बाहेर काढा. 14-15 अंशांवर ओतली की ग्लासात ती 17 पर्यंत आपसूक जाते. 'रूम टेम्परेचर' हा शब्द आपल्या तीस अंशांच्या खोलीसाठी नाही. तिथे नुसता अल्कोहोल नाकात जातो.

जुन्या बुचाला साधा स्क्रू लावला की ते मधोमध तुटू शकतं. दोन पात्यांचा ओपनर मिळवा. फॉइल ओठाच्या खालून कापा आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसा. काळी बुरशी दिसली तर ती निरुपद्रवी असते. लांब पातं आधी, मग आखूड, डावीकडे-उजवीकडे झुलवत आत न्या आणि पिळत पिळत वर काढा. दाबताना बूच खाली सरकू लागलं तर लगेच थांबा, ते सैल आहे. मग स्क्रू तिरका घालून हळू ओढा. तरीही तुकडे आत पडलेच तर बारीक जाळीच्या स्टीलच्या चहागाळणीनं गाळा. कॉफीचा फिल्टर पेपर नको, कागदाची चव उतरते.

आता ओतणं. डिकँटर हवाच असं नाही, काचेचा जग चालेल, फक्त त्याला साबणाचा वास नको. मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या मानेखाली ठेवा आणि एका धारेत, न थांबता ओता. मध्येच बाटली सरळ केली की गाळ परत उसळतो. मानेपाशी काळसर धागा सरकताना दिसला की थांबा. तळाशी 50-60 मिली राहील. त्याची हळहळ नको, कडू चिखल असतो.

जगात ओतून झाली की 30 मिली चाखा. घट्ट, मुकी वाटली, म्हणजे वासच येत नसेल, तर जगातच अर्धा तास ठेवा. सुगंध लगेच आला तर लगेच ग्लासात. कडेला विटकरी रंग दिसणं वयानुसार योग्यच. काळी मिरी, धूर, काळं ऑलिव्ह, चामडं, ओला पालापाचोळा असे वास येतील. रबर किंवा उकडलेल्या अंड्याचा वास असेल तर ग्लास घोळवा, बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र बुचाचा दोष आहे. त्याला इलाज नाही, अपायही नाही. मनुका शिजवल्यासारखा गोडसर वास म्हणजे तापलेली बाटली. नाशिकच्या तरुण शिराझची सवय असेल तर पहिला घोट फिका वाटेल. द्राक्ष तेच (शिराझ म्हणजे सिराच), पण इथे फळाचा गोडवा शोधू नका.

मटण जरूर करा, पण तांबडा रस्सा नको. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, वर टॅनिन तोंड कोरडं करतं. हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलेलं बिनतिखटाचं मटण, मग तव्यावर तुपात परतून भरपूर मिरी. लिंबू पिळू नका आणि कच्चा कांदा त्या ताटात नकोच. उरलीच तर झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा.