दहावीचे ९१ टक्के आणि एडीएचडी

तुमचं वय ३४, बँकेत नोकरी, चार वर्षांची मुलगी. कामं अर्धवट राहतात, वस्तू सापडत नाहीत, वरिष्ठांकडून दोनदा लेखी समज मिळाली. फॅमिली डॉक्टरांना एडीएचडीबद्दल (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं लहानपणापासून अवघड जाणं) विचारलंत तर ते म्हणाले, "दहावीला ९१ टक्के मिळवलेत ना? मग कसला एडीएचडी? तो लहान मुलांचा आजार." हे तुम्ही लिहिलंत आणि मला राहवलं नाही. मी डॉक्टर नाही. माझं निदान वयाच्या ४१व्या वर्षी झालं, त्याला आता पाच वर्षं झाली. त्याआधी हेच वाक्य मीही ऐकलंय.

आधी टक्क्यांचं. मला ८७ होते. पण ते मिळाले कसे, हे मला फार उशिरा दिसलं. साडेपाचला आई उठवायची. दप्तर ती बघायची, वह्यांना कव्हरं ती घालायची, बसचा पास तिच्या पर्समध्ये असायचा. क्लासच्या बाई दर रविवारी पेपर घ्यायच्या. कुठलं काम कधी सुरू करायचं हे मला ठरवावंच लागायचं नाही. त्यात परीक्षेची भीती. ती मानगुटीवर बसली की मी आदल्या रात्री सलग आठ तास वाचायचे. लोकांना वाटायचं, मनात आणलं की जमतं हिला.

हॉस्टेलवर गेले आणि पहिल्याच वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख हुकली. लग्नानंतर तर किराणा, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या सूचना, सिलिंडर, विमा, सगळं माझ्याकडे आलं. आईने एकट्या माझ्यासाठी जे केलं होतं ते आता मला चौघांसाठी करायचं होतं. माझी बुद्धी कमी झाली नव्हती, पण ज्या टेकूवर सगळं उभं होतं तो निघाला होता. तुम्हीही लिहिलंय की मुलगी झाल्यापासून सगळं हाताबाहेर गेलं. म्हणून ही शंका बाजूला टाकू नका.

'लक्ष नसणं' हे वर्णन मला अपुरं वाटतं. लक्ष असतं, कधीकधी नको इतकं असतं. ते हवं तिथे वळवणं आपल्या हातात नसतं. एकदा आमच्याकडे वीज तोडायला माणूस आला. खात्यात पैसे होते, फोनमध्ये ॲप होतं, काम दोन मिनिटांचं होतं, आणि बिल भरायचंय हे मला रोज आठवत होतं. आठवणं आणि करणं यांच्यामध्ये जे काही लागतं, तेच आमच्यात कच्चं असतं. वेळेचंही तसंच. अजून वीस मिनिटं आहेत म्हणजे नेमकं किती, हे मला आतून कळत नाही. रागही पटकन चढतो, आणि तासाभराने का चढला ते सांगता येत नाही. मोठेपणी धावपळ, उड्या हे बहुधा दिसत नाही. ती चुळबुळ आत जाते, डोक्यात सतत काहीतरी चालू राहतं. ज्या मुली वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघायच्या, त्यांच्याकडे तर कुणी बोटही दाखवलं नाही. त्यातल्या कितीतरी जणी आज चाळिशीत पहिल्यांदा निदान ऐकताहेत. मोठ्या माणसांत साधारण अडीच टक्के लोकांना हा त्रास असतो असं आढळलंय, म्हणजे शंभर जणांच्या ऑफिसात दोन-तीन जण.

पण घाईने शिक्काही मारून घेऊ नका. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या. झोप पुरेशी होते का, हेही बघा; चार वर्षांचं मूल असलेल्या आईची क्वचितच होते. नैराश्य आणि चिंतेतही लक्ष लागत नाही. फरक इतकाच की या गोष्टी मध्येच कधीतरी सुरू होतात, आणि एडीएचडी लहानपणापासून असतो. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३च्या डीएसएम-५ या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या १२व्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, प्रौढांत लक्ष न लागणं किंवा अतिचंचलपणा यांपैकी एका यादीतल्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, आणि घर-ऑफिस अशा एकाहून अधिक ठिकाणी त्रास व्हावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणी नेटवर सापडेल. ती नुसती चाळणी आहे, निदान मनोविकारतज्ज्ञच करतात. नैराश्य आणि एडीएचडी दोन्ही एकत्र असू शकतात. माझ्यावर तीन वर्षं फक्त नैराश्याचे उपचार झाले. ते नैराश्य खरंच होतं, पण वर्षानुवर्षं 'आळशी', 'बेजबाबदार' ऐकून आलेलं होतं, आणि त्याच्या मुळाशी कुणी गेलं नाही.

औषधाची भीती वाटतेय असं तुम्ही म्हणता. आपल्याकडे मुख्यतः मेथिलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन देतात. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी कळतो, दुसऱ्याला काही आठवडे द्यावे लागतात. रक्तदाब, नाडी, हृदयाचा इतिहास विचारूनच सुरू करतात. गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आधी सांगा. मेथिलफेनिडेटवर कायद्याचं कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय ते मागायला जाऊ नका. मला पहिल्या दिवशी तरतरी वगैरे काही आली नाही. भाजी निवडायला बसले आणि ती निवडूनच उठले, इतकंच. भूक मात्र मेली, आणि डोस जुळायला दोन महिने गेले.

औषधासोबत बाकीची घडी बसवावीच लागते. बिलं ऑटो-डेबिटवर टाका. तोंडी सांगितलेलं काम साहेबांकडून मेलवर मागून घ्या. गजर पोहोचायच्या वेळेचा न लावता चपला घालायच्या वेळेचा लावा. कागदपत्रं आवरताना मी बहिणीला फोन लावून ठेवते. ती तिचं काम करते, मी माझं, बोलणं फारसं होत नाही. तरी ज्या फायलीला मी वर्षभर हात लावला नव्हता ती अशी एका दुपारी लागली.

मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या. माझ्या चौथी ते सातवीच्या चारही पुस्तकांत वेगवेगळ्या बाईंनी जवळपास एकच शेरा लिहिलाय: हुशार आहे, पण निष्काळजीपणामुळे गुण जातात. शक्य असेल तर आईलाही सोबत न्या. डॉक्टरांनी माझ्या आईला विचारलं, "लहानपणी काही त्रास?" ती म्हणाली, "छे, काहीच नाही." मग त्यांनी विचारलं की सकाळी शाळेत जाईपर्यंत काय काय व्हायचं, आणि आई वीस मिनिटं सांगत राहिली.