लढाई युक्रेनात, दर दिग्रसला

प्रश्न : ताई, दिग्रस तालुक्यात माझं साडेचार एकर रान आहे. बैलजोडी विकून बसलो. २०२२ च्या पाडव्याला ट्रॅक्टरवाल्यानं रोटाव्हेटरचा दर एकरी नऊशेचा बाराशे केला. विचारलं, तर म्हणे, “रशियाची लढाई सुरू हाय ना भाऊ!” तेव्हापासून दर उतरलाच नाही. तेल कंपन्यांनी लढाईत पैसा केला म्हणतात, ते खरं काय? माझे तीनशे गेले कुठं?

उत्तर : भाऊ, खरं आहे. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा तुमच्या-माझ्या घरात दाणा नव्हता. ज्याच्या गोदामात जुना माल पडून होता, त्यानं कमावलं. एक रुपया जादा खर्च न करता. आपला माल निघाला तोवर भाव निम्म्यावर. तेल कंपन्यांचं गोदाम जमिनीखाली आहे आणि ते बारा महिने भरलेलं असतं. लढाईनं उपशाचा खर्च फारसा वाढत नाही, भाव मात्र भीतीनं चढतो. मार्च २०२२ मध्ये कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरपर्यंत गेलं. त्या वर्षी एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीनं सुमारे ५६ अब्ज डॉलर नफा कमावला, ब्रिटनच्या शेलनं जवळपास ४०. दोघींनाही एवढा नफा आधी कधीच झाला नव्हता. माणसं मरत होती त्या वर्षी. मला हे सहन होत नाही.

तेलासाठी परराष्ट्र धोरणही कसं वाकतं ते पाहायचं, तर इराण बघा. तिथले पंतप्रधान मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये तेल देशाच्या मालकीचं केलं. १९५३ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या हेरखात्यांनी त्यांचं सरकार पाडायला लावलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी कंपन्यांना त्या तेलात ४० टक्के वाटा मिळाला.

आपल्याकडे २०२२ मध्ये पंपाचे दर गोठवले, तेव्हा सरकारी कंपन्यांना काही महिने तोटा झाला, हेही सांगितलं पाहिजे. पण २०२३-२४ मध्ये इंडियन ऑइलचा नफा ३९ हजार कोटींच्या वर गेला आणि डिझेल उतरलं लिटरमागे २ रुपये, तेही मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर.

आता तुमचे तीनशे. पाडव्याच्या आगेमागे पंधरा दिवसांत डिझेल लिटरमागे १० रुपयांनी वाढलं होतं. एकराला सहा लिटर धरा, साठ रुपये झाले. बाकीच्या दोनशे चाळीसाचा हिशेब रशियाकडे नाही, ट्रॅक्टरवाल्याकडे मागा. पुढची वखरणी ठरवायच्या आधीच मागा.