अंगणात येणारी भटकी मांजर घरात घ्यायची आहे, घरात लहान मुलं आहेत. आधी काय करावं? (नागपूर)

घ्या, नक्की घ्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा बाहेरच्या मांजरीला प्यायला पाणीसुद्धा मिळत नाही.

फक्त पहिल्याच दिवशी मुलांच्या मांडीवर देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, नाहीतर जवळचा कोणताही पशुवैद्य चालेल. जंताचं औषध, गोचीड-पिसवांची तपासणी आणि रेबीजची लस, एवढं झालंच पाहिजे. चावली किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांचा दवाखाना गाठा. हळद, चुना लावत बसू नका.

आता खाण्याचं. आपल्याकडे मांजर म्हटलं की वाटीभर दूध पुढे येतं, पण मोठ्या मांजरींना ते बहुधा पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन द्या, बिनमिठाचं. सावजीचा रस्सा चुकूनही नको. कांदा-लसूण तिच्या रक्तातल्या पेशींना मारक असतात. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल? कधीच नाही, एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

मादी असेल तर नसबंदीचं लगेच विचारा. चार-पाच महिन्यांची पिल्लूही गाभण राहू शकते, आणि साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात. आजीबाई नको म्हणतील कदाचित, त्यांना शांतपणे समजावा.

सुरुवातीला एकाच खोलीत ठेवा, मातीचा ट्रे द्या. लपून बसली तर ओढून काढू नका, आपणच येते.