बरणीची ‘चिनी माती’ आणि पोर्सेलिन

प्रश्न असा आहे: लोणच्याची बरणी ‘चिनी मातीची’ आणि पातळ कपबशीही ‘चिनी मातीची’, तर पोर्सेलिनला, म्हणजे अशा पातळ, पांढऱ्या भांड्यांना, मराठीत चिनी माती म्हणावं का?

बोलताना खुशाल म्हणा. चीनच्या भांड्यांबद्दल लिहिताना मात्र टाळा. मराठीत ‘चिनी माती’ हे कच्च्या मालाचंही नाव आहे आणि तयार भांड्याचंही, आणि घोटाळा तिथेच होतो.

कच्चा माल म्हणजे केओलिन ही पांढरी माती. चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या चिंगदचनजवळच्या काओलिंग (‘उंच डोंगरधार’) या ठिकाणावरून हे नाव पडलं. पण नुसत्या केओलिनचं पोर्सेलिन होत नाही. ती वितळायला 1700 अंश सेल्सिअसच्याही वर ताप लागतो आणि भट्टी असते 1300च्या आसपास. म्हणून तिच्यात बायदुन्झ मिसळतात. अभ्रकयुक्त पांढरा दगड कुटायचा, पाण्यात निवळायचा आणि खालच्या गाळाच्या विटा पाडायच्या. नावाचा अर्थही ‘छोट्या पांढऱ्या विटा’ असाच. भट्टीत हा दगड वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी बुजवतो.

चिंगदचनची ही कृती दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1712च्या पत्रात कळवली. उत्तम मालाला दोन्ही निम्मेनिम्मे, मध्यमाला केओलिन चार भाग व बायदुन्झ सहा, हलक्याला एकास तीन. केओलिन कमी पडली की भांडं भट्टीत बसतं, वाकतं. जास्त झाली की नीट भाजलं जात नाही, सच्छिद्र राहतं. काही युरोपीय लोकांनी नुसत्या विटा मायदेशी नेऊन प्रयोग केले आणि ते फसले. त्यावर तिथला एक व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांशिवाय (म्हणजे केओलिनशिवाय) नुसत्या मांसाचं शरीर हवंय!

आपली बरणी बहुधा स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक भाजलेली, असते. तिची माती इतकी शुद्ध नसते, त्यामुळे अंग करडं किंवा पिवळसर. जाड असते, पण घट्ट भाजलेली आणि झिलईदार, म्हणून मीठ आणि आंबट तिला बाधत नाही. ओळखायचं तर बूड उलटं करून झिलई नसलेली कड पाहा: पोर्सेलिनची पांढरी दिसते. पातळ पोर्सेलिन उजेडासमोर धरलं तर मागच्या बोटांची सावली दिसते. बरणीत ती कधीच दिसणार नाही.

तेव्हा खनिजाला केओलिन किंवा चिनी माती, बरणीला रूढ ‘चिनी मातीची’ आणि पारभासक भांड्याला पोर्सेलिन लिहावं. नाहीतर 1710 साली जर्मनीतल्या माइसेनला सुरू झालेल्या कारखान्याच्या बशीला, जिची माती सॅक्सनीतलीच होती, ‘जर्मन चिनी मातीची’ म्हणण्याची पाळी येते.