न्यू जर्सीत नोकरी गेली तर भत्ता किती, आणि कुणाला?

तुम्ही विचारलंत की एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर, पुण्याहून एडिसनला येतोय, बायको-मुलगा बरोबर आहेत, उद्या नोकरी गेलीच तर राज्याच्या बेरोजगारी भत्त्यावर किती महिने निघतील. आकडा सांगतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आठवड्याच्या सरासरी पगाराचे 60 टक्के, पण त्याला कमाल मर्यादा आहे. 2025 साली ती 875 डॉलर होती. वर्षाला 1,04,000 पगार असेल तर आठवड्याला 2,000 झाले, त्याचे 60 टक्के 1,200, हातात मात्र 875च. तेही जास्तीत जास्त 26 आठवडे. न्यू जर्सी यावर कर घेत नाही, केंद्र सरकार घेतं. कॅलिफोर्नियात हाच भत्ता 450 ला थांबतो, फ्लोरिडात 275 ला. पात्रतेसाठी, पुन्हा 2025 च्या नियमाने, किमान 303 डॉलर कमाईचे 20 आठवडे हवेत, किंवा एकूण 15,200 डॉलरची कमाई. साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांतल्या पहिल्या चार धरतात, म्हणजे नव्याने आलेल्याचा ताजा पगार सहसा त्यात येतच नाही. अलीकडचे महिने धरायचा पर्याय आहे, पण 20 आठवड्यांची किंवा एकूण कमाईची अट भरावी लागतेच.

हे सगळं जमलं तरी एक अट उरते: माणूस कामासाठी उपलब्ध हवा, म्हणजे उद्या कुणीही काम दिलं तर कायद्याने ते करता आलं पाहिजे. एच-वन-बी एका कंपनीला बांधलेला असतो. त्यामुळे नोकरी गेली की आपण सहसा या अटीतच अडकतो. ग्रीन कार्डवाल्याला ही अडचण नाही. आपल्याला मिळतात फार तर 60 दिवस, त्यात दुसरी कंपनी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर सामान आवरा.

हा भत्ता म्हणजे बेरोजगारीचा विमाच. बहुतेक राज्यांत या विम्याचे पैसे एकटी कंपनी भरते. न्यू जर्सीत कामगाराच्या पगारातूनही कापतात. तुमच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, ती ओळ दर खेपेला दिसेल. रक्कम किरकोळ असते, पण माझी नोकरी गेली त्या महिन्यात ती ओळ बघून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

त्या 60 दिवसांत मिळाली ती नोकरी दुसऱ्या राज्यात. मार्च महिना, लेक आठवीत, गणितात वरच्या वर्गात. नव्या शाळेत जुन्या शाळेचे कागद वेळेवर पोचले नाहीत म्हणून तिला खालच्या वर्गात बसवलं. मी पत्रं लिहिली, समुपदेशकांना भेटलो. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच उत्तर. पोर काही बोलली नाही. गृहपाठ दहा मिनिटांत उरकायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. ते मला आजही सलतं. भत्त्याचे ते आठवडे मिळाले असते तर जूनपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, तिथेच थांबता आलं असतं असं वाटतं, पण 60 दिवसांची मुदत भत्त्याने वाढत नाहीच.

एकटेपणाचं विचारलंत. त्याची सवय होते. एडिसनला किराणा, देऊळ, गणपती सगळं आहे. नोकरी गेल्याचं मात्र मी सांगलीला आईला अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी "काम कसं चाललंय" विचारते, मी "छान" म्हणतो.

तुम्ही येताना सहा महिन्यांचं घरभाडं आणि तिघांची परतीची तिकिटं एवढी रक्कम बाजूला ठेवा. वहिनींना एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, लगेच काम करता येत नाही. तुमचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच त्यांना परवाना मिळतो. तेव्हा हा हिशोब निघण्याआधी दोघं मिळून करा, आणि मुलाच्या गुणपत्रिकांच्या शिक्का मारलेल्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.