आत्ताच बंद करा, तीनशे डॉलर देतो

प्रश्न : नमस्कार दादा, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. माझे सासरे रावपुऱ्यात फोटोग्राफर होते, किती घरच्या लग्नामुंजींचे फोटो त्यांनी काढले असतील त्याची गणती नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचा रोलायफ्लेक्स ३.५ एफ कॅमेरा कपाटात तसाच पडून होता. भाच्याचा एक्सपोर्टचा धंदा आहे, त्याच्या ईबे (ऑनलाइन लिलावाची साइट) अकाउंटवरून आम्ही तो १० दिवसांच्या लिलावाला लावलाय, ९९ डॉलरपासून. आज सहावा दिवस, बोली १४२.५० वर आहे, सहा जण बोली लावतायत आणि पन्नासच्या वर लोक वॉच करतायत. काल अमेरिकेतून एकाचा मेसेज आला की लेन्स प्लॅनर आहे का, बुरशी आहे का, असेल तशी चालेल पण लिलाव आत्ताच बंद करा, मी ३०० डॉलर देतो, मुलाच्या वाढदिवसाला हवाय. आज सकाळी जर्मनीहून दुसऱ्याचा, मी ३५० देतो पण पैसे ईबेच्या बाहेरून पाठवतो. भाचा म्हणतो मामी घेऊन टाक, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय त्यामुळे माझा जीव वरखाली होतोय. काय करू? आणि नाही म्हटलं तर ही माणसं दुखावून निघून जातील का?

उत्तर : ताई, दोघांनाही नाही म्हणा, आणि आजच म्हणा, कुणाला ताटकळत ठेवू नका.

आता का ते सांगतो. तुम्हाला स्क्रीनवर १४२.५० दिसतंय म्हणून ३०० म्हणजे दुप्पट वाटतंय, साहजिक आहे, पण तो आकडा कॅमेऱ्याची किंमत नाहीये. ईबेवर बोली लावणारा आपली जास्तीत जास्त रक्कम आत टाकून ठेवतो आणि सिस्टिम त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वर चढवते, समोरच्यापेक्षा एक पायरी जास्त, बस. समजा एकाने ४२० टाकलेत आणि दुसऱ्याने १४०, तर तुम्हाला दिसणार १४२.५०, कारण त्या टप्प्यात पायरी अडीच डॉलरची असते. ते ४२० विकणाऱ्याला दिसतच नाहीत. म्हणजे तुम्ही आज ३०० घेऊन बंद केलं आणि आत कुणीतरी ४२० टाकून शांत बसलेला असला तर तुम्हाला ते जन्मात कळणार नाही, आणि तो बिचारा तिकडे विचार करत बसेल की माझं काय चुकलं.

शिवाय खरी बोली अजून सुरूच झालेली नाही. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो, शेवटी कुणी बोली लावली म्हणून वेळ वाढत नाही, त्यामुळे जाणकार मंडळी मुद्दाम शेवटच्या मिनिटापर्यंत दबा धरून बसतात. हा नुसता माझा अनुभव नाही, अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली यावर पेपर लिहिलाय, त्यांनी ईबेची तुलना अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली, तिथे शेवटच्या १० मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकायची, आणि तिथे लोक इतके शेवटपर्यंत थांबत नव्हते. (रॉथ यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, वेगळ्या कामासाठी.) तुमचे ते पन्नासच्या वर वॉच करणारे म्हणजे नुसते बघे नाहीत, त्यातले काही जण असेच दबा धरून असतील.

आता त्या दोन मेसेजेसकडे नीट बघा. ज्याला फक्त मुलाच्या वाढदिवसाला शोभेचा जुना कॅमेरा हवाय तो लेन्स प्लॅनर आहे का झेनोटार (या कॅमेऱ्यात या दोनपैकी एक लेन्स असते) हे विचारत नाही. या माणसाला माल कळतो. चार दिवस थांबलं तर ३०० च्या वर जाईल असं त्याला वाटतंय म्हणूनच तो आज ३०० द्यायला तयार आहे, नाहीतर इतकी घाई कशाला? मी त्याला लबाड म्हणत नाही, खरेदी करणारा कमीत कमी किमतीत मिळवायला बघणारच, तो त्याचा हक्क आहे, फक्त त्याची घाई ती आपली घाई नाही एवढंच.

आणि भाच्याला हा हिशेब दाखवा. एक जण म्हणतो ३००, दुसरा म्हणतो ३५०. दोघांनी खरोखरच तेवढे आकडे बोलीत टाकले तर त्या टप्प्यात पायरी ५ डॉलरची, म्हणजे दुसऱ्याला तो कॅमेरा कमीत कमी ३०५ ला पडणार, आणि हे बाकीचे सहा जण आणि वॉचवाले धरलेच नाहीत. त्यामुळे हातचं सोडणं वगैरे काही नाहीये इथे, जे हातात आहे असं तो म्हणतोय ते लिलावातूनही येऊ शकतं, फक्त त्या दोघांना बोलीत उतरवायचं. आता शंभर टक्के खात्री मी देणार नाही ताई, एखादवेळी दोघंही गप्प बसतील आणि कॅमेरा अडीचशेला जाईल, असंही होतं. ते मनाशी धरूनच चाला.

पैशापलीकडची एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मार्केट यार्डात सकाळी हराजी चालते ती कधी बघितलीयेत का, बटाट्याच्या ढिगाभोवती व्यापारी उभे, एकाने बोली दिली, दुसऱ्याने वाढवली, आणि मधेच मालकाने गोणी उचलून मागच्या बाजूने तिसऱ्याला दिली तर? दुसऱ्या दिवशी त्याच्या ढिगाजवळ कुणी उभं राहणार नाही. तुमच्या सहा जणांनी असाच शब्द दिलाय, तुम्ही १० दिवस सांगितलेत ते धरून.

ही चूक मी स्वतः केलीये म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितोय. शुक्रवारच्या बाजारात मला एक आग्फा क्लिक थ्री मिळाला होता, आपल्या बडोद्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनलेला, खोक्यासकट, आत माहितीपत्रकही शाबूत. कॅमेरा साधाच, १२० च्या रोलवर १२ फोटो, तेव्हा घरोघरी असायचा. लिलावाला लावला, चौथ्या दिवशी एकाने चांगला भाव सांगितला आणि मी बाकीच्यांच्या बोली रद्द करून बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी एका बोलीवाल्या आजोबांचा मेसेज आला, चक्क मराठीत. ते त्याच कारखान्यात नोकरीला होते, आता मुलाकडे परदेशात असतात, रोज उठून तो फोटो बघायचे आणि शेवटच्या दिवशी उठायला गजर लावून ठेवला होता. 'तुम्ही सांगितलं असतंत तर मीही थोडे वाढवले असते' एवढंच एक वाक्य, रागाचा एक शब्द नाही. मी तीनदा उत्तर टाइप केलं आणि तीनदा पुसलं. तेव्हापासून बोली पडलेला लिलाव मी मधे बंद केलेला नाही.

नियम पण लक्षात ठेवा. बोली पडलेली असेल आणि १२ तासांपेक्षा जास्त वेळ उरला असेल तर ईबे बोली रद्द करून बंद करू देतं, पण ती सोय वस्तू हरवली, फुटली, लिस्टिंगमध्ये मोठी चूक झाली अशा कारणांसाठी आहे, चांगला भाव आला हे कारण नाही, आणि त्याची फी लागू शकते. शेवटच्या १२ तासांत तर फक्त त्या वेळच्या सर्वात वरच्या बोलीवाल्यालाच विकून बंद करता येतं. आणि त्यात एक मेख आहे, अशा वेळी वस्तू जाते ती स्क्रीनवरच्या बोलीला, त्या माणसाने आत टाकलेल्या जास्तीत जास्त रकमेला नाही. म्हणजे ४२० टाकणाऱ्याला ती १४२.५० लाच मिळेल, तेव्हा ते बटण सहज म्हणून दाबायला जाऊ नका.

जर्मनीवाल्याचं तर मनातूनच काढून टाका. बाहेरून पैसे घेऊन विकायला ईबेची सरळ मनाई आहे, अकाउंट भाच्याचं आहे, बंद झालं तर त्याच्या धंद्यावर येईल. आणि पार्सल गेल्यावर तो म्हणाला पोचलंच नाही, किंवा आलेले पैसे परत खेचले गेले, तर तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसेल.

उत्तर काय लिहायचं? दोघांना एकच, शब्दसुद्धा तेच. 'कॅमेऱ्यात रस दाखवल्याबद्दल मनापासून आभार. यावर आधीच बोली आलेल्या आहेत, त्यामुळे लिलाव ठरल्या वेळीच संपेल. तुम्हाला द्यायची असेल ती जास्तीत जास्त रक्कम बोलीत टाका, कॅमेऱ्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर जरूर विचारा.' इंग्रजीत एवढंच, चार ओळी. सासूबाई, ऑपरेशन, भाचा यातलं काही लिहू नका, गरज दिसली की लोक अजून ओढून धरतात. आणि दुखावले जातील याची काळजी सोडा, ज्याला खरंच हवाय तो बोली लावतोच.

या चार दिवसांत करण्यासारखं एक काम आहे. त्याने बुरशीचं विचारलं म्हणजे बाकी पन्नास जणांच्या मनातही तेच आहे, बडोद्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेली लेन्स म्हटल्यावर येणारच मनात. रात्री खोलीत अंधार करून मागचं झाकण उघडा, शटर 'बी' या खुणेवर ठेवून बटण दाबून धरा (धरलंय तोवर ते उघडं राहतं) आणि एका बाजूने टॉर्च मारून लेन्समधून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. असेल तर असेल, तिचाच फोटो काढून टाका. एक सेकंदाचा स्पीड लावून शटर ऐका, आतल्या दातेरी चाकांचा आवाज एकसारखा येत शेवटी मिटतं का मधेच अडकतं. जे असेल ते लिस्टिंगमध्ये वाढवून लिहा. लेन्सचं नाव आणि सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा एक फोटो. हे एकदा केलंत की ३०० वाल्याला जे एकट्याला विचारून कळणार होतं ते सगळ्यांना कळेल, आणि खरी चढाओढ त्यातूनच होते.

पुढच्या वेळी थेट भावाने विकायची तयारी असेल तर सुरुवातीलाच लिलावासोबत 'बाय इट नाऊ'चा आकडा द्या, तो सुरुवातीच्या किमतीपेक्षा निदान ३० टक्के जास्त लागतो आणि साधारणपणे पहिली बोली पडली की आपोआप जातो. एकही बोली नसताना असा मेसेज आला तर तेव्हा मात्र तुम्ही मोकळ्या आहात, खुशाल भाव ठरवा.

प्रश्न : आजोबांकडचे सयाजीराव महाराजांच्या काळातले तांब्याचे पैसे आहेत, खूर आणि तलवार असलेले, संवत १९४९ चे. फोटो टाकल्यावर परदेशातून एक जण म्हणतोय लिलाव वगैरे लावूच नका, मी सगळे घेतो, पार्सलवर 'गिफ्ट' लिहून पाठवा. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही चालणार. संवत १९४९ म्हणजे इसवी सन १८९२-९३, शंभर वर्षांच्या वरची नाणी, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर पाठवायची खासगी माणसाला मनाईच आहे, लिलाव असो नाहीतर थेट विक्री. गिफ्ट लिहिलं तर वर खोटं डिक्लेरेशन. विकायचीच असतील तर भारतातल्याच संग्राहकाला विका. आणि घासूनपुसून चकचकीत करू नका हो, तो काळसर तांबूस थर गेला की किंमतही गेली.

प्रश्न : मी मांजलपूरला राहतो. एका जुन्या एचएमटी घड्याळावर पाच दिवस माझी बोली सगळ्यात वर होती, अचानक लिलाव बंद, कारण लिहिलंय 'वस्तू उपलब्ध नाही'. दोन दिवसांनी तेच घड्याळ त्याच विक्रेत्याकडे परत दिसतंय, वाढीव किमतीला. काही करता येतं का?

उत्तर : घड्याळ परत मिळवता येणार नाही, बोली रद्द झाली की तुमचा त्यावर हक्क राहत नाही. पण दोन्ही लिस्टिंगचे स्क्रीनशॉट घ्या, डायलवरचा एखादा डाग किंवा मागच्या झाकणावरचा ओरखडा दोन्हीकडे सारखा दिसत असेल तर तो दाखवून प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट करा. त्याआधी विक्रेत्याला एकदा साध्या भाषेत विचारून बघा, काही वेळा माणूस खरंच आधी दुकानात विकून बसलेला असतो आणि ते गिऱ्हाईक फिरलेलं असतं. तुमची खरी जास्तीत जास्त रक्कम किती होती तेही त्याला कळवा, आग्फाच्या वेळी मला ती आधी कळली असती तर मी थांबलो असतो.